डी ड्राइव्ह पुसला आणि लिनक्स उठेना : सरकलेल्या पार्टिशन क्रमांकांचं एक प्रकरण

यंत्र साधं आहे. ५०० जीबीची एकच हार्ड डिस्क, जुन्या पद्धतीचं बायोस (यंत्र चालू होताच सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम), एमबीआर प्रकारचा पार्टिशन तक्ता (डिस्कचा कोणता भाग कुठून कुठपर्यंत आहे याची नोंद), आणि त्यावर विंडोज १० व डेबियन हे लिनक्स शेजारी शेजारी. विंडोजचा सी ड्राइव्ह भरत आला, म्हणून डी ड्राइव्हवरच्या फायली दुसऱ्या डिस्कवर काढून घेतल्या आणि विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून डी पुसला. मोकळी झालेली १०० जीबी जागा सीला जोडायची होती, पण ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय राखाडीच राहिला. यंत्र पुन्हा सुरू केलं तेव्हा विंडोज की डेबियन हे निवडायचा मेनू आलाच नाही. काळ्या पडद्यावर एवढंच उमटलं : ‘एरर : अननोन फाइलसिस्टिम’, ‘एंटरिंग रेस्क्यू मोड’ आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’ची खूण.

विंडोजही उठत नाही, कारण त्याच्याकडे जाणारी वाटसुद्धा ग्रबमधूनच, म्हणजे तो मेनू दाखवून निवडलेली सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्राममधूनच, होती. अशा वेळी ‘दोन्ही गेलं, सगळं नव्याने टाका’ असा सल्ला पटकन मिळतो. या डिस्कवरचा एक बाइटही गेलेला नाही. बदलली आहेत ती फक्त नावं, आणि ती का बदलली हे समजून घेतलं तर दुरुस्तीला अर्धा तासही लागत नाही.

लेखातल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. कळफलकावर त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या. अक्षरं मोठी हवीत तिथे तसं सांगितलं आहे.

डिस्कवर काय कुठे होतं

पुसण्याआधीची मांडणी अशी होती. एसडीए हे लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव आणि पुढचा आकडा पार्टिशनचा. एनटीएफएस आणि एक्स्ट४ या फायली मांडून ठेवायच्या पद्धती, म्हणजे फाइलसिस्टिम; पहिली विंडोजची, दुसरी लिनक्सची. रूटमध्ये डेबियन स्वतः असतं, होममध्ये वापरकर्त्याच्या फायली, आणि स्वॅप ही मेमरी कमी पडली की वापरायची जागा. आकडे ५१२ बाइटच्या सेक्टरचे आहेत. डिस्कवर एकूण ९७६७७३१६८ सेक्टर आहेत.

एसडीए१ : प्रायमरी, एनटीएफएस, विंडोजचा राखीव भाग, २०४८ ते १०२६०४७
एसडीए२ : प्रायमरी, एनटीएफएस, सी ड्राइव्ह, १०२६०४८ ते ३१५५९८८४७
एसडीए३ : एक्स्टेंडेड, ३१५५९८८४८ ते ९७६७७३११९
एसडीए५ : लॉजिकल, एनटीएफएस, डी ड्राइव्ह, ३१५६००८९६ ते ५२५३१६०९५
एसडीए६ : लॉजिकल, एक्स्ट४, डेबियनचं रूट, ५२५३१८१४४ ते ६५११४७२६३
एसडीए७ : लॉजिकल, स्वॅप, ६५११४९३१२ ते ६६७९२६५२७
एसडीए८ : लॉजिकल, एक्स्ट४, होम, ६६७९२८५७६ ते ९७६७७३११९

एमबीआर म्हणजे डिस्कचा पहिला सेक्टर. त्यात ४४६ बाइट बूटच्या कोडसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनच्या नोंदींसाठी आणि २ बाइट सहीसाठी असतात. चारच नोंदी मावतात, म्हणून त्यातली एक ‘एक्स्टेंडेड’ ठेवतात आणि बाकीची पार्टिशनं तिच्या पोटात लॉजिकल म्हणून करतात. १ ते ४ हे क्रमांक त्या चार खणांचे असतात. दुसरा खण रिकामा केला तरी तिसरा तिसराच राहतो.

लॉजिकल पार्टिशनला असा खण नसतो. प्रत्येकाच्या आधी ईबीआर नावाचा एक सेक्टर असतो आणि त्यात दोनच नोंदी कामाच्या असतात. पहिली सांगते की माझं पार्टिशन इथून इतक्या अंतरावर आहे. दुसरी सांगते की पुढचा ईबीआर एक्स्टेंडेडच्या सुरुवातीपासून इतक्या अंतरावर आहे. या डिस्कवर पहिला ईबीआर ३१५५९८८४८ वर आहे आणि त्याची दुसरी नोंद २०९७१७२४८ सेक्टर पुढे बोट दाखवते. बेरीज ५२५३१६०९६ येते, आणि रूट पार्टिशनचा ईबीआर तिथेच आहे. रूट त्याच्यापुढे २०४८ सेक्टरवर सुरू होतं. अशी ही साखळी चालत जायची आणि भेटेल त्या पार्टिशनला ५, ६, ७ असे क्रमांक देत जायचं. लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, हेच करतं आणि ग्रबही हेच करतो. ‘६’ हा आकडा डिस्कवर कुठेही लिहिलेला नसतो, तो दर वेळी मोजून काढला जातो.

डी पुसल्यावर साखळीतली पहिली नोंद रिकामी झाली. रिकामी नोंद मोजली जात नाही, म्हणून रूट सहावरून पाचवर आलं, स्वॅप सातवरून सहावर आणि होम आठवरून सातवर. जागेवरून कुणीही हललं नाही.

चुकीच्या संदेशातच निदान आहे

ग्रबचा पहिला तुकडा एमबीआरच्या ४४६ बाइटांत असतो. दुसरा, ‘कोअर’ म्हटला जाणारा, एमबीआर आणि पहिल्या पार्टिशनच्या मधल्या रिकाम्या जागेत असतो. इथे ती जागा सेक्टर १ ते २०४७ अशी आहे. मेनू, कर्नल वाचणं वगैरे बाकीचं सगळं रूट पार्टिशनवर /बूट/ग्रब मध्ये असतं आणि कोअरला ते शोधावं लागतं. ग्रब ज्या डिस्कवर बसवला तिच्यावरच /बूट असेल, तर बसवतानाच कोअरमध्ये पार्टिशनचा क्रमांक कोरला जातो. इथे कोरलेलं होतं ‘(,एमएसडॉस६)/बूट/ग्रब’. आता सहावर स्वॅप बसलं आहे. कोअर तिथे गेला, त्याला ओळखीची फाइलसिस्टिम दिसली नाही आणि त्याने तसं सांगितलं.

रूट पार्टिशन साखळीत शेवटचं असतं तर तो क्रमांकच उरला नसता आणि संदेश ‘नो सच पार्टिशन’ असा आला असता. सहावर दुसरं एखादं एक्स्ट४ आलं असतं, तर ‘नॉर्मल डॉट मॉड’ ही फाइल सापडत नाही अशी तक्रार दिसली असती. तिन्हींचा रोग एकच, पार्टिशन सरकलं. पण ‘सिम्बॉल ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड’ असा संदेश दिसला तर हे प्रकरण नाही. तिथे कोअर जुना असतो आणि /बूट/ग्रब मधले भाग नव्या आवृत्तीचे. २०२० च्या जुलैमधल्या सुरक्षा अपडेटनंतर अनेक यंत्रांवर हा संदेश आला, कारण अपडेट भलत्याच डिस्कवर ग्रब बसवत होता. त्याला खाली दिलेली रेस्क्यूची युक्ती लागू पडत नाही, लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून डिस्कवर न बसवता लिनक्स सुरू करता येतं) ग्रब नव्याने बसवावा लागतो.

रेस्क्यूमधून मेनूपर्यंत

रेस्क्यूमध्ये एलएस, सेट, अनसेट आणि इन्समॉड या चारच आज्ञा असतात. टॅब दाबून नाव पूर्ण होत नाही आणि कळफलक अमेरिकी मांडणीचा धरला जातो. आधी नुसतं ‘सेट’ टाइप केलं की कोरलेला पत्ता दिसतो : प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस६)/बूट/ग्रब. मग ‘एलएस’. या यंत्रावर उत्तर येतं :

(एचडी०) (एचडी०,एमएसडॉस७) (एचडी०,एमएसडॉस६) (एचडी०,एमएसडॉस५) (एचडी०,एमएसडॉस२) (एचडी०,एमएसडॉस१)

आठ नाही. तीनही नाही, पण ते ठीक आहे, कारण एक्स्टेंडेडला ग्रब या यादीत धरत नाही. आता एकेक उघडून पाहायचं. ‘एलएस (एचडी०,एमएसडॉस५)’ ला उत्तर मिळतं की फाइलसिस्टिम एक्स्ट२ आहे. एक्स्ट२, ३ आणि ४ या तिघांना ग्रब एक्स्ट२ याच नावाने ओळखतो, तेव्हा आपलं एक्स्ट४ गेलं असं समजू नये. सातही एक्स्ट२ म्हणून दिसेल, म्हणून शेवटी तिरकी रेघ देऊन आतलं पाहायचं : ‘एलएस (एचडी०,एमएसडॉस५)/’. जिथे बूट, ईटीसी, यूएसआर दिसतात ते रूट. जिथे लॉस्ट+फाउंड आणि वापरकर्त्याच्या नावाची डिरेक्टरी एवढंच दिसतं ते होम. एक, दोन आणि सहा ‘अननोन’ म्हणतील. कोअरमध्ये एनटीएफएस वाचायचा भागच भरलेला नसतो, त्यामुळे विंडोजचे भाग खराब झाले असा त्याचा अर्थ नाही.

मग चार ओळी :

सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस५)/बूट/ग्रब
सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस५)
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

बरोबरीच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायची नाही. /बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल तर प्रीफिक्समध्ये फक्त ‘/ग्रब’ लिहायचं. फेडोरा आणि ओपनसूसेवर डिरेक्टरीचं नाव ग्रब२ असतं. चौथ्या ओळीनंतर नेहमीचा मेनू येतो. मेनूतल्या नोंदी रूट पार्टिशन यूयूआयडीने, म्हणजे फाइलसिस्टिममध्येच लिहिलेल्या तिच्या एकमेव ओळखक्रमांकाने, शोधतात आणि कर्नललाही यूयूआयडीच देतात, म्हणून क्रमांक सरकले तरी त्या चालतात. विंडोजची नोंदही चालते.

इथपर्यंत डिस्कवर काहीच लिहिलेलं नाही. रेस्क्यूमधले सेट फक्त मेमरीत असतात, वीज गेली की पुसले जातात. पडद्यावर मेनू बघून ‘झालं’ म्हणत यंत्र बंद केलं, तर उद्या तोच काळा पडदा परत दिसेल.

दुसरा अडथळा : एफएसटॅब

मेनूतून डेबियन निवडल्यावर कर्नल सुरू होतं आणि मग थबकतं. ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर /डेव्ह/एसडीए८’ अशी ओळ येते आणि शेजारी १ मिनिट ३० सेकंदांचं घड्याळ धावतं. ९० सेकंद संपले की डिस्कवरच्या फाइलसिस्टिम लावण्याचा टप्पा फसतो आणि यंत्र इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीच्या आज्ञा देता येतील अशा अवस्थेत, जातं. कारण /ईटीसी/एफएसटॅब मध्ये, म्हणजे सुरू होताना कोणतं पार्टिशन कुठे लावायचं याच्या यादीत, आहे. रूटची ओळ इन्स्टॉलरने यूयूआयडीने लिहिली होती, पण नंतर हाताने घातलेल्या तीन ओळी क्रमांकाने होत्या :

/डेव्ह/एसडीए८ हे होम म्हणून
/डेव्ह/एसडीए७ हे स्वॅप म्हणून
/डेव्ह/एसडीए५ हे एनटीएफएस डेटा म्हणून

तिन्ही आता खोट्या आहेत, आणि तिघींचा खोटेपणा वेगवेगळा आहे. आठ अस्तित्वातच नाही, म्हणून वाट बघणं आणि मग इमर्जन्सी. पाचवर आता रूट आहे. त्यावर एनटीएफएसची सही नसल्याने माउंट (पार्टिशन वापरासाठी लावणं) नाकारला जातो. सात हे आता होम आहे आणि स्वॅप सुरू करणारा स्वॅपऑन म्हणतो, ‘रीड स्वॅप हेडर फेल्ड’.

या शेवटच्या संदेशापाशी थांबायलाच हवं. या प्रकरणात खरा डेटा जायची जागा हीच आहे. ‘स्वॅप बिघडला, नवा करू’ म्हणून कुणी ‘एमकेस्वॅप /डेव्ह/एसडीए७’ दिलं, तर तो होमवर लिहील. एमकेस्वॅप परवानगी विचारत नाही. जुनी एक्स्ट४ सही पुसत असल्याची एक ओळ दाखवतो आणि पुसतो. स्वॅपचं हेडर पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४व्या बाइटला सुरू होतं, आणि एक्स्ट४ चा सुपरब्लॉकही (फाइलसिस्टिमची मूळ माहिती असलेला भाग) नेमका तिथेच असतो. असं आधीच झालं असेल तरी सगळं संपलेलं नाही. ४ केबीच्या ब्लॉकवर बांधलेल्या एक्स्ट४ मध्ये सुपरब्लॉकची पहिली राखीव प्रत ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकला असते. होम माउंट न करता, फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारं ‘ई२एफएससीके -बी ३२७६८ -बी ४०९६ /डेव्ह/एसडीए७’ चालवायचं. यातला पहिला ‘बी’ लहान अक्षर, दुसरा मोठं. त्याआधी तीच आज्ञा लहान ‘-एन’ जोडून एकदा चालवावी, म्हणजे काही न लिहिता तो काय करणार आहे ते कळतं.

याहून वाईट शक्यता म्हणजे काहीच न बिघडणं. एफएसटॅबमध्ये व्हार (प्रोग्रामांच्या सतत बदलणाऱ्या फायली) आणि होम अशी दोन एक्स्ट४ पार्टिशनं क्रमांकाने लिहिलेली असती आणि सरकून एकाचा क्रमांक दुसऱ्याला मिळाला असता, तर यंत्राने मुकाट्याने एकाच्या जागी दुसरं लावलं असतं आणि त्यावर लिहायला सुरुवात केली असती. इमर्जन्सी मोड त्रासदायक वाटतो, पण इथे त्यानेच राखण केली.

लिहिण्याआधी दोन प्रती

इमर्जन्सी मोड रूटचा पासवर्ड मागतो. हा रूट म्हणजे पार्टिशन नव्हे, सगळे अधिकार असलेला वापरकर्ता. डेबियन टाकताना रूटला पासवर्ड दिलाच नसेल तर ‘कॅनॉट ओपन अ‍ॅक्सेस टू कन्सोल, द रूट अकाउंट इज लॉक्ड’ असं उत्तर येतं आणि तिथून पुढे जाता येत नाही. मग मेनूवर येऊन डेबियनच्या नोंदीवर ‘ई’ दाबायचं, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीत ‘आरओ’च्या जागी ‘आरडब्ल्यू इनिट=/बिन/बॅश’ लिहायचं आणि कंट्रोल-एक्स दाबायचं. बाकीची यंत्रणा सुरू करणारा सिस्टिमडी सुरूच होत नाही, एफएसटॅब वाचला जात नाही आणि थेट रूटचं शेल, म्हणजे आज्ञा टाइप करायची जागा, मिळतं. (मेनूपर्यंतसुद्धा पोचता येत नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्ह. त्याबद्दल पुढे आहे.)

आधी तक्त्याची प्रत. ‘एसएफडिस्क -डी /डेव्ह/एसडीए’ चं उत्तर एका मजकूर फाइलमध्ये वळवून पेनड्राइव्हवर ठेवायचं. त्यात प्रत्येक पार्टिशनची सुरुवात, लांबी आणि प्रकार साध्या अक्षरांत असतो. दुसरी प्रत पहिल्या एमबीची : ‘डीडी आयएफ=/डेव्ह/एसडीए ओएफ=सुरुवात.बिन बीएस=५१२ काउंट=२०४८’. यात एमबीआर आणि ग्रबचा कोअर दोन्ही येतात.

अनेकांकडे नुसत्या ५१२ बाइटची ‘एमबीआर बॅकअप’ फाइल असते आणि तिच्यावर फार भिस्त असते. तिच्यात लॉजिकल पार्टिशनची माहिती नसतेच. ती ईबीआरमध्ये असते, आणि ईबीआर डिस्कभर विखुरलेले असतात. शिवाय जुनी ५१२ बाइटची फाइल जशीच्या तशी परत लिहिली तर ग्रबच्या कोडबरोबर जुने चार खणही परत येतात. मधल्या काळात प्रायमरी पार्टिशन बदललं असेल तर ते नवीन संकट. फक्त कोड परत हवा असेल तर ‘बीएस=४४६ काउंट=१’.

मागे जायचं की पुढे

इथे निर्णय घ्यायचा आहे. डी परत आणला तर सगळे क्रमांक आपोआप पूर्ववत होतात, आणि ग्रब किंवा एफएसटॅब कशालाही हात लावावा लागत नाही. डीमधला डेटा हवा असेल तर हाच मार्ग, आणि त्या मोकळ्या जागेवर काही लिहिलं जाण्याआधी तो घ्यायला हवा. हे काम लाइव्ह पेनड्राइव्हवरून करावं, म्हणजे डिस्कवरचं कोणतंही पार्टिशन वापरात नसेल.

डी कुठे होता हे आठवत नसेल तरी तक्ता सांगतो. एक्स्टेंडेडची सुरुवात अधिक २०४८ म्हणजे ३१५६००८९६, आणि पुढच्या ईबीआरच्या आदला सेक्टर म्हणजे ५२५३१६०९५. पडताळा पक्का घेता येतो, कारण एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतं. ‘डीडी आयएफ=/डेव्ह/एसडीए स्किप=३१५६००८९६ काउंट=१’ चं उत्तर बाइट आकड्या-अक्षरांत दाखवणाऱ्या हेक्सडंपला मोठ्या ‘सी’च्या पर्यायासह द्यायचं, आणि मग तेच ५२५३१६०९५ साठी. दोन्हीकडे पहिल्या तीन बाइटांनंतर ‘एनटीएफएस’ ही अक्षरं दिसली आणि दोन्ही सेक्टर सारखे निघाले, तर सीमा बरोबर आहेत. मग एसएफडिस्कच्या मजकूर फाइलच्या (डंपच्या) प्रतीत पाच, सहा, सात यांची नावं सहा, सात, आठ करायची आणि त्यांच्या आधी ही ओळ घालायची :

/डेव्ह/एसडीए५ : स्टार्ट=३१५६००८९६, साइझ=२०९७१५२००, टाइप=७

ती फाइल आधी ‘एसएफडिस्क --नो-अ‍ॅक्ट’ ला द्यायची, छापलेला तक्ता मूळ आकड्यांशी ताडून पाहायचा आणि मगच खरी लिहायची. हे काम एफडिस्कने करू नये. एफडिस्क मधल्या जागेत नवं लॉजिकल केलं तरी त्याला साखळीतला शेवटचा क्रमांक, म्हणजे इथे आठ, देतो आणि बाकीचे सरकलेलेच राहतात. मांडणी जास्त गुंतागुंतीची असेल तर टेस्टडिस्क हा प्रोग्राम हीच शोधाशोध स्वतः करतो.

या प्रकरणात डीमधलं सगळं आधीच बाहेर काढलेलं आहे आणि ती जागा मोकळी हवी आहे. तेव्हा पुढे जायचं.

नावं दुरुस्त करणं

‘बीएलकेआयडी’ प्रत्येक पार्टिशनचा यूयूआयडी छापतो. एक्स्ट४ आणि स्वॅपचा यूयूआयडी ३६ अक्षरांचा असतो, एनटीएफएसचा १६. हाताने उतरवताना एखादं अक्षर हमखास चुकतं. म्हणून आधी एफएसटॅबची प्रत करायची आणि मग ‘बीएलकेआयडी -एस यूयूआयडी -ओ व्हॅल्यू /डेव्ह/एसडीए७’ चं उत्तर दोन बाणांनी थेट फाइलच्या शेवटी जोडायचं. इथे ‘यूयूआयडी’ मोठ्या अक्षरांत. दोनच्या जागी एक बाण पडला तर आख्खी फाइल पुसली जाते, म्हणून आधी प्रत. मग संपादकात उघडून ते यूयूआयडी योग्य ओळींच्या सुरुवातीला न्यायचे. सात हे होम, सहा हे स्वॅप. पाचची एनटीएफएस ओळ काढून टाकायची, ते पार्टिशन आता नाही.

एखादा डेटा ड्राइव्ह लावायचा असेल तर त्याच्या पर्यायांत ‘नोफेल’ घालावं. तो सापडला नाही तरी यंत्र इमर्जन्सीत जात नाही. होमला मात्र नोफेल देऊ नये. होम नसताना यंत्र सुरू झालं तर नव्या फायली रूटवरच्या रिकाम्या होममध्ये पडू लागतात आणि नंतर होम लागलं की त्या झाकल्या जातात.

मग ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’. सगळं ठीक असेल तर यशाची एकच ओळ येते. नसेल तर कोणत्या ओळीतला कोणता स्रोत सापडत नाही हे तो नेमकं सांगतो. स्वॅप नव्याने घडवलेला नसल्याने त्याचा यूयूआयडी तोच आहे, त्यामुळे इनिटरॅमएफएसमधली (कर्नलबरोबर सुरुवातीला मेमरीत येणारी छोटी फाइलसिस्टिम) रिझ्यूमची, म्हणजे झोपवलेलं यंत्र स्वॅपवरून उठवायची, नोंदही तशीच चालते. स्वॅप नव्याने केला असता तर /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम मध्ये नवा यूयूआयडी लिहून ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवावं लागलं असतं. नाहीतर दर बूटला तो जुन्या स्वॅपची वाट बघत बसतो.

हाच आजार फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या दुसऱ्या सिस्टिमवर झाला तर रूप निराळं दिसतं. कर्नलला रूट सापडत नाही आणि ‘माउंटरूट’ची खूण येते. तिथे प्रश्नचिन्ह टाइप केलं की उपलब्ध उपकरणांची यादी मिळते. यादीत बघून ‘यूएफएस:/डेव्ह/एडीए०एस२ए’ अशा धाटणीचा खरा पत्ता दिला की यंत्र पुढे जातं. कायमच्या इलाजासाठी ‘ट्यूनएफएस’चा मोठ्या ‘एल’चा पर्याय वापरून फाइलसिस्टिमला नाव द्यायचं आणि एफएसटॅबमध्ये /डेव्ह/यूएफएस/ खालचं ते नाव लिहायचं.

ग्रब पुन्हा बसवणं

एफएसटॅब दुरुस्त झाल्यावर, बॅशच्या शेलमध्ये असाल तर ‘सिंक’ आणि ‘रिबूट -एफ’. रेस्क्यूच्या चार ओळी पुन्हा एकदा टाइप करायच्या आणि या वेळी डेबियन पूर्ण सुरू होऊ द्यायचं. मग रूट म्हणून ‘ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए’. डिस्कचं नाव द्यायचं, पार्टिशनचं नाही. ‘/डेव्ह/एसडीए५’ दिलं तर तो ब्लॉकलिस्टचा (ग्रबच्या फायलींची जागा सेक्टरच्या क्रमांकांनी लिहून ठेवण्याचा) इशारा देऊन नकार देतो. तो नकार जबरदस्तीने ओलांडू नये. यश मिळालं की ‘इन्स्टॉलेशन फिनिश्ड, नो एरर रिपोर्टेड’ दिसतं. कोअरमध्ये आता पाच कोरलेला आहे.

जुन्या डिस्कवर पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरला सुरू होत असेल तर कोअरसाठी फक्त ६२ सेक्टर, म्हणजे ३१७४४ बाइट मिळतात. साध्या एक्स्ट४ ला ते पुरतात. एलव्हीएम, रेड किंवा बीटीआरएफएस अशी डिस्कची गुंतागुंतीची मांडणी असेल तर कोअर फुगतो आणि जागा अपुरी असल्याची तक्रार येते.

त्यानंतर ‘अपडेट-ग्रब’, आणि त्याचं उत्तर नीट वाचायचं. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद असतो. जुन्या मेनूत असलेलं विंडोज या आज्ञेनंतर गायब होऊ शकतं आणि ‘दुरुस्तीत विंडोज गेलं’ असा घोर लागतो. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ घालून आज्ञा पुन्हा द्यायची. डावी बाजू मोठ्या अक्षरांत, उजवी लहान. शेवटी ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी’ चालवून यादीत हीच डिस्क निवडलेली आहे ना ते पाहून घ्यायचं, म्हणजे पुढचे अपडेट योग्य जागी जातील.

रेस्क्यूतून मेनू मिळालाच नाही तर लाइव्ह पेनड्राइव्ह लावायचा. आधी ‘एलएसबीएलके’ने आकार आणि लेबल बघून डिस्क ओळखायची. पेनड्राइव्हला एसडीए आणि डिस्कला एसडीबी हे नाव मिळालेलं असू शकतं. एक्स्टेंडेड पार्टिशन इथे अवघ्या १ केबीचं दिसतं. लिनक्स ते तसंच दाखवतं, त्याच्यावर एफएससीके चालवायचं नाही. रूट पार्टिशन /एमएनटी वर लावायचं, डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन ही चार ‘माउंट --बाइंड’ने आत जोडायची, ‘सीएचरूट /एमएनटी’ करायचं आणि वरच्याच ग्रबच्या आज्ञा द्यायच्या. पेनड्राइव्ह यूईएफआय, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या, पद्धतीने सुरू झाला आहे का, हे /सिस/फर्मवेअर/ईएफआय ही डिरेक्टरी आहे की नाही यावरून कळतं. असेल तर ग्रब-इन्स्टॉलला ‘--टार्गेट=आय३८६-पीसी’ स्पष्ट सांगावं. हे यंत्र बायोसचं आहे आणि इथे तोच ग्रब हवा.

घाईत विंडोज हवं असेल तर विंडोजच्या दुरुस्ती माध्यमातलं ‘बूटरेक /फिक्सएमबीआर’ चालतं. ते फक्त बूटचा कोड बदलतं, पार्टिशनच्या नोंदी राखतं. एसडीए१ वर ‘अ‍ॅक्टिव्ह’ खूण असली की विंडोज सुरू होतं. ग्रब मात्र जातो आणि नंतर लाइव्ह पेनड्राइव्हवरून परत बसवावा लागतो.

त्या १०० जीबींचं काय

सीला ती जागा का जोडता आली नाही हेही या मांडणीतच आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये एक्स्टेंडेडभोवती गडद हिरवी चौकट असते आणि मोकळी जागा त्या चौकटीच्या आत आहे. सी प्रायमरी आहे. त्याला लागून आणि चौकटीबाहेर असलेलीच जागा त्याला घेता येते. एक्स्टेंडेडची सुरुवात पुढे सरकवणं जीपार्टेडने शक्य आहे. ते लाइव्ह पेनड्राइव्हवरून, सगळी पार्टिशनं सोडवून आणि स्वॅप बंद करून करायचं. मोकळी जागा एक्स्टेंडेडच्या अगदी सुरुवातीला असल्याने कोणताही डेटा हलवावा लागत नाही, म्हणून हे काम लवकर आटोपतं. त्याआधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करून यंत्र पूर्ण बंद करावं, नाहीतर एनटीएफएस अर्धवट झोपेच्या अवस्थेत राहतं आणि जीपार्टेड सीला हात लावत नाही.

जीपीटी या नव्या प्रकारच्या पार्टिशन तक्त्यावर गेलं तर हा त्रास मुळातच संपतो. तिथे प्रत्येक पार्टिशनला स्वतःचा खण असतो आणि एक पुसल्याने दुसऱ्याचा क्रमांक बदलत नाही. पण विंडोजचं एमबीआर२जीपीटी हे साधन एक्स्टेंडेड पार्टिशन असलेली डिस्क घेत नाही, आणि बायोस पद्धतीने सुरू होणारं विंडोज जीपीटी डिस्कवरून उठत नाही. या डिस्कवर तो मार्ग सध्या बंद आहे.

म्हणून त्या जागेत नवं लॉजिकल पार्टिशन करायचं ठरलं, तर ते डेबियनमधूनच करावं आणि यंत्र बंद करण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. ‘एलएसबीएलके’मध्ये रूट अजून पाचवरच आहे ना ते बघायचं, ‘ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए’ पुन्हा द्यायचं, आणि एसएफडिस्कचा नवा डंप पेनड्राइव्हवर घ्यायचा. एफएसटॅब आता यूयूआयडीवर आहे, पण ग्रबच्या कोअरमधला पाच हा आकडा तसाच कोरलेला आहे.